सगळ्या गावाची वहिनी

तिचं ऑपरेशन नीट पार पडलं. डावा स्तन काढावा लागला, पण जीव वाचला. नवरा हॉस्पिटलात रोज यायचा, फळं आणायचा, नर्सशी गोड बोलायचा. घरी आल्यावर मात्र त्याने आपलं अंथरूण दुसऱ्या खोलीत नेलं. "तुला नीट झोप लागावी म्हणून," असं म्हणाला. जखम भरली तरी अंथरूण काही परत आलं नाही. तिच्याशी बोलताना तो खिडकीकडे बघायचा. शेवटी एकदा म्हणाला, "ताईकडे जाऊन ये थोडे दिवस. समुद्राची हवा मानवेल."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. समुद्रकाठच्या त्या गावात तिची लाँड्री होती. लॉजच्या चादरी, टॉवेल सगळे तिच्याकडे धुवायला. नणंद-भावजयीचं इतक्या वर्षांत कधी फारसं सूत जमलं नव्हतं. नणंदेची जीभ म्हणजे कात्री. ही स्टँडवर उतरली ती पिशवी छातीशी कवटाळूनच. नणंदेने ती पिशवी काढून घेतली. "इथे चोर नाहीत, वहिनी. सरळ चाल."

लाँड्रीत ओल्या चादरीचं एक टोक एकीने, दुसरं दुसरीने धरायचं, झटकायचं, घडी घालायची. हिचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. चादर तिच्या बाजूने जमिनीला टेकायची. गावातल्या डॉक्टरणीने तपासून सांगितलं, "पाण्यात उतरा. पोहायला येतं?"

येत होतं. माहेरच्या नदीत ती मुलांच्या पुढे जायची. लग्नानंतर तो विषयच निघाला नव्हता.

खडकांच्या आडोशाला दगडी भिंत घालून केलेला एक तलाव होता. समुद्राचं पाणी पंपाने त्यात घ्यायचं, दोन दिवसांनी सोडून द्यायचं. तो पंप सांभाळणारा विधुर माणूस पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा. त्याला सगळे पंपवालाच म्हणत.

पहिल्या दिवशी तिने पोहण्याच्या पोशाखावर ढगळ शर्ट चढवला. पाण्यात तो फुग्यासारखा फुगला, हातांत गुंतला, नाकातोंडात पाणी गेलं. तिने पायरी गाठली आणि चिडून शर्ट ओढून काढला. समोर पंपवाला उभा. त्याने पाहिलं, एक बाजू भरलेली, एक सपाट. नजर वळवली नाही आणि रोखलीही नाही.

"त्या कोपऱ्यात पाणी उबदार असतं," तो म्हणाला. "तिथून सुरुवात करा."

ती रोज जाऊ लागली. हात आधी कुरकुरला, मग हळूहळू वळणावर आला. नणंद सगळ्यांसमोर वहिनी म्हणायची, म्हणून पाववाला, टपालवाली, डॉक्टरीणसुद्धा तिला वहिनीच म्हणू लागली. पंपवाला तेवढा "अहो" वर अडलेला.

"सगळं गाव वहिनी म्हणतं. तुम्हालाच काय जड जातं?" तिने एकदा विचारलं.

तो पान्याने नट आवळत राहिला. "वहिनी म्हटलं की नातं लागतं. मला ते नातं नकोय."

ती हसली. घरी जाईपर्यंत हसू आवरेना. नणंदेने एकदा वर पाहिलं आणि इस्त्री फिरवत राहिली.

आणि मग नवरा आला. लाँड्रीच्या वाफेत रुमालाने मान पुसत म्हणाला, "झालीस ना बरी? चल आता. घराची पार रया गेलीय."

दोघी चादरीची घडी घालत होत्या. हिने आपलं टोक सोडलं नाही. "बरी झाले हे कशावरून म्हणता? तुम्ही तर बघितलंच नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोक मला हाक मारतात, बोलतात, माझ्याकडे बघतात. तुमच्या घरी मला लपून राहावं लागायचं. मी येणार नाही. वेगळं व्हायचं, ते रीतसर होऊ."

त्याने बहिणीकडे पाहिलं. नणंद म्हणाली, "पाठचा भाऊ आहेस, उपाशी पाठवणार नाही. जेव आणि एकटाच जा."

तो जेवला आणि एकटाच गेला. ही संध्याकाळी तलावावर गेली, भिंतीवर बसून पोटभर रडली. पंपवाला शेजारी येऊन बसला. म्हणाला, "मला पोहता येत नाही."

तिला वाटलं, थट्टा करतोय.

"बाप मासेमारीला गेला तो परतलाच नाही. आईने शपथ घातली. आयुष्यभर हा तलाव भरला, पण घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही. तुम्ही शिकवाल?"

तिने डोळे पुसले. "उद्या सकाळी या. गाळण उडाली तरी पळायचं नाही."

तो आला. पायरीला असा चिकटला की शेवाळाने लाजावं. ती ओरडली नाही, हसलीही नाही. बरेच दिवस नुसतं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहणं चाललं. मग एका सकाळी तिने डावा हात त्याच्या पाठीखाली धरला आणि म्हणाली, "आडवे व्हा. माझ्यावर सोडा." तो आडवा झाला. त्याचं सगळं ओझं त्याच हातावर आलं आणि हात हलला नाही. हळूच तिने तो काढून घेतला. तो आकाशाकडे बघत तरंगत राहिला. हात कधी निघाला, त्याला कळलंच नाही.

भिंतीवर टॉवेल घेऊन उभी असलेली नणंद डोळ्यांत आलेलं पाणी खारा वारा लागला म्हणून खपवत होती.

रीतसर वेगळं व्हायला वेळ लागला. झाल्यावर तिने आणि पंपवाल्याने लग्न केलं, साक्षीदार म्हणून नणंदेने सही केली. "भाऊ गेला, पण भावजय राहिली," ती सगळ्यांना सांगत सुटली.

आता सकाळी डॉक्टरीण तिच्याकडे बायका पाठवते. कुणाचा खांदा आखडलेला, कुणाची ऑपरेशनची खूण ताजी. ती त्यांच्यासमोर आपल्या सपाट बाजूसकट ताठ उभी राहते आणि एकेकीला पाण्यात उतरवते. एखादी घाबरून पायरीवरच बसली की ती तलावाच्या मधोमध बोट दाखवते. तिथे एक टक्कल धापा टाकत, पाणी उडवत, पण न बुडता पुढे सरकत असतं.

"तो माझा माणूस," ती सांगते. "पन्नाशीनंतर शिकलाय. मी शिकवलंय."