माप विचारणारा वाटाड्या

मित्रांनो, मी एक जुना वाटाड्या आहे. माणूस नव्हे. ट्रकच्या पुढच्या काचेला रबरी वाटीने चिकटवतात ना, ते वाट सांगणारे यंत्र. सध्या माझा मुक्काम शिवणयंत्राखालच्या खणात असतो. शेजारी बटणांचा डबा आणि धार गेलेली एक कात्री आहे. माझी गोष्ट तुम्हाला ऐकावीशी वाटेल की नाही, कोण जाणे. आयुष्यभर मी दुसऱ्यांना कुठे वळायचे ते सांगत आलो. स्वतःबद्दल बोलताना मात्र कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही. तरी सांगून बघतो.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. कुणीतरी माझ्या काचेवरून मऊ फडके फिरवले आणि मला खोक्यात ठेवले, एवढेच. मग मी एका दुकानाच्या फळीवर आलो. तिथे शेजारी माझाच एक भाऊबंद होता. पातळ, चकचकीत, माझ्या दुप्पट काचेचा. मी आपला विटेसारखा जाडजूड. गिऱ्हाइके आली की आधी त्याला हातात घेत. माझ्यावर धूळ तेवढी न चुकता बसे.

एके दिवशी दुकानात एक नवराबायको आणि त्यांची लहान मुलगी आली. नवरा ट्रक ड्रायव्हर होता. त्याला परदेशात लांब पल्ल्याचा ट्रक चालवायची नोकरी लागली होती. तिथली भाषा त्याला येत नव्हती. वाट चुकली तर विचारणार कुणाला, आणि कुणी सांगितली तरी समजणार कशी? म्हणून ती तिघे वाटाड्या निवडायला आली होती.

त्याने अर्थातच माझ्या भाऊबंदाला उचलले. मुलीने त्याची सगळी बटणे दाबून पाहिली. बायको मात्र दोन्ही यंत्रे निरखत होती. ती घरी शिवणकाम करायची. त्या दिवशीही टेप तिच्या गळ्यात राहून गेली होती. तिने दुकानदाराला एकच गोष्ट विचारली. आमची गाडी केवढी आहे, हे याला कळते का?

दुकानदार प्रामाणिक होता. तो म्हणाला की हा मोटारींसाठी आहे. याला रस्ते सगळे ठाऊक, पण आपल्यामागे काय येते आहे ते ठाऊक नसते. हा जाडा मात्र आधी उंची, रुंदी, वजन विचारतो आणि मगच वाट सांगतो. ठेंगण्या पुलाखालून ट्रक नेत नाही.

ड्रायव्हर हसला. "अगं, ट्रकला झबलं शिवायचंय का?"

ती हसली नाही. "माप न विचारता जो कापड हातात घेतो, त्याच्याकडे मी कधी काही शिवायला टाकलं नाही. हा जाडाच घ्या, अहो."

मित्रांनो, मला कुणीतरी निवडले तो हा क्षण. माझी काच तेव्हा अंधारलेली होती, नाहीतर उजळली असती.

घरी गेल्यावर तिने तीन टेपा एकीला एक जोडून शिवल्या, जोडांवर शाईने आकडे नव्याने घातले आणि टोकाला एक फास केला. लांब दांडीने तो फास ट्रकच्या टपाला लावायचा, टेप सोडायची आणि जमिनीपाशी आकडा वाचायचा. ही टेप माझ्याच पिशवीत आली. माझी परदेशातली सोबतीण तीच.

मग कामाची वर्षे सुरू झाली. आम्ही डोंगर ओलांडले, बोगदे पाहिले, धुक्यात तासन् तास थांबलो. तिथे ट्रकला मागे जोडलेला मालाचा डबा वरचेवर बदले. आज कपाटे, उद्या कागदाची रिळे. प्रत्येक डब्याची उंची वेगळी. रोज सकाळी तो खाली उतरून माप घेई आणि मला सांगे. मग घरून फोन येई. इतरांच्या बायका आधी जेवणाचे विचारत. आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असे, "माप घेतलं?" तो म्हणे, "घेतलं गं बाई." पलीकडे थांबलेले शिवणयंत्र पुन्हा सुरू झाल्याचा आवाज येई. दिवस संपला की तो माझ्या पाठीवर थाप मारी. मला ते पुरे होते.

अशाच एका सकाळी गार पाऊस पडत होता. माल उशिरा भरला गेला होता. डबा बदललेला होता, पण गोदामाचा माणूस हातवारे करून सांगत होता, तेवढाच आहे, निघ. माझ्या ड्रायव्हरने दांडीकडे पाहिले, पावसाकडे पाहिले आणि दार लावून घेतले. मी नेहमीप्रमाणे विचारले, उंची तीच आहे का? त्याने 'हो' दाबले.

फोन आला. "माप घेतलं?"

"घेतलं."

त्याच्या आवाजात काय होते, मला सांगता येणार नाही. मला आवाजातले कळत नाही. पण तिने त्या दिवशी पहिल्यांदाच पुढचा प्रश्न विचारला. "किती भरलं?"

त्याने कालचा आकडा सांगितला.

तिने शिवणयंत्र लगेच सुरू केले नाही. मग म्हणाली, "बरं."

आम्ही निघालो. नेहमी गाणी गुणगुणणारा तो माणूस त्या दिवशी सारखा आरशातून मागच्या डब्याकडे बघत होता. एका गावात रेल्वेचा दगडी पूल आला. वरून गाडी जात होती. खिडक्यांत माणसे दिसत होती. पुलावरच्या पाटीचा आकडा मला दिलेल्या उंचीहून थोडा मोठा होता. मी सांगितले, सरळ चला. मला जे खरे म्हणून दिले होते, त्यावरून तेच बरोबर होते.

त्याने पुलाच्या तोंडाशी ब्रेक दाबला.

मागे भोंग्यांचा कल्लोळ उठला. तो पावसात उतरला आणि दांडी वर केली, पण फास ओल्या टपावरून दोनदा घसरून मग लागला. एक पोलीस बाई रागाने धावत आली. त्याने पुलाच्या पाटीकडे बोट दाखवले. तिने टेपकडे पाहिले, पुलाकडे पाहिले, आणि वाकून टेपचे खालचे टोक धरले. आकडा पाटीपेक्षा वीतभर मोठा होता. 

मग तिने मागची रहदारी थांबवली आणि आम्हाला पावलापावलाने मागे घेतले. माल उशिरा पोहोचला. मालकाने त्याला बरेच दिवस कामाविना बसवून ठेवले. पण त्याआधी, त्याच रस्त्याच्या कडेला, त्याने घरी फोन लावून सगळे खरे सांगितले. पलीकडचे शिवणयंत्र थांबले.

"मला तुमच्या आवाजावरून कळतं हो," ती शेवटी म्हणाली. "त्या यंत्राला तेही कळत नाही. तुम्ही सांगाल तेच ते खरं धरून चालतं. त्याच्याशी नका खोटं बोलू."

तो त्यानंतर माझ्याशी कधी खोटे बोलला नाही.

पुढे वाटाड्या बसवूनच आलेला नवा ट्रक त्याला मिळाला. मी पिशवीत गेलो, मग सामानात मोज्यांच्या जोडीने घरी आलो, आणि या खणात. रबरी वाटी वाळली. मला चार्ज करायचे हळूहळू सगळेच विसरले. रागावण्यासारखे त्यात काही नाही. माझ्या पोटातले कितीतरी रस्ते आता उरलेले नाहीत.

दरम्यान ती बटणे दाबणारी मुलगी मोठी झाली आणि वडिलांसारखीच परदेशी ट्रक चालवायला निघाली. वडिलांचे गुडघे आता दुखतात. ते कसेबसे खाली बसले, मला बाहेर काढून सदऱ्याने पुसले आणि तिच्यापुढे धरले. क्षणभर मला वाटले, आपण पुन्हा निघालो. ती हळूच म्हणाली, "बाबा, ह्याचे नकाशे जुने झाले हो."  ते मला मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले.

आईने पिशवीतून टेप काढली. "यंत्र तुझ्या पसंतीचं घे. फक्त एवढं बघ, ते आधी तुला विचारतं का. आणि ही घेऊन जा."

सोबतीण गेली. खण आता मोठा वाटतो.

मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्रांची धूळ अधूनमधून पुसा, कधी चार्जही करून बघा. नाही जमले तरी चालेल. पण जे तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकते, ते यंत्र असो की माणूस, त्याला खरे माप द्या. आमच्याजवळ दुसरे काही नसते.

रोज सकाळी माझ्या डोक्यावरचे शिवणयंत्र मध्येच थांबते. फोन वाजलेला असतो. आई विचारते, "किती भरलं?" पलीकडून मुलगी आकडा सांगते. वडील खुर्चीत मान वर करून बायकोच्या तोंडाकडे बघत राहतात. मीही खणात वाट बघतो.

मग शिवणयंत्र पुन्हा सुरू होते.