चौकातली चार बोटं

"आधी चौक बांध, मंग कणसरी बसव. उलटं केलंस तर ती उठून जाईल, बाय. आणि एकटी नाही जायची."

साखरशेतच्या सुकीआजीने हे सांगितलं तेव्हा प्रतिक्षाने मान डोलावली आणि मनातल्या मनात हसली. बी.ए. झालेली ती. चौक म्हणजे चित्राची किनार, नुसती शोभा, ती शेवटी घालायची, एवढं तिला कळत होतं. मोखाड्याच्या पाड्यावर तिच्या आईला भिंतीवर लग्नाचा चौक लिहिता यायचा, पण प्रतिक्षा वाढली आश्रमशाळेत. हात कोराच राहिला. निदान लेकीला, सरूला, द्यायला काही असावं म्हणून ती दर मंगळवारी आजीकडे शिकायला जायची.

आजीची गोष्ट एवढीच होती: धान्याची देवी कणसरी खळ्यावर येऊन बसली. लोकांनी कुंपण अर्धंच घातलं. देवी उठून चालू लागली आणि तिच्यामागे घरातला दाणा न् दाणा गेला.

तेच खळं प्रतिक्षाने जव्हारच्या आपल्या खोलीत, भिंतीला गेरू देऊन, तांदळाच्या पिठाने काढलं. आधी कणसरी, मग कणसं, मळणीचे बैल. कुंपणाचा चौक अगदी शेवटी. आणि डावीकडे चार बोटं जागा उरली तेव्हा वाटीतलं पीठ संपलं.

दुसऱ्या दिवशी सरूने भाताचं ताट सरकवलं.

"खा ना गं, राणी."

"ती बाई म्हणते, आपल्याला जायचंय."

"कोण बाई?"

साडेतीन वर्षांच्या पोरीने बोट दाखवलं ते कणसरीकडे नाही, त्या चार बोटांच्या फटीकडे.

प्रतिक्षाचा नवरा संदीप एसटीत कंडक्टर. तो हसून म्हणाला, "बाईला विचार, अर्धं तिकीट की पूर्ण?"

पण तीन दिवस सरूने दाणा तोंडात घेतला नाही. ना भात, ना नाचणीची भाकरी. डॉक्टर म्हणाले, ताप नाही, घसा साफ आहे. प्रतिक्षाने दोनदा पीठ कालवून फट बुजवली. दोन्ही वेळा सकाळी तेवढंच पीठ खाली गळून पडलेलं. तिसऱ्या दुपारी ती मोरीतून बाहेर आली तर सरू उंबऱ्यात उभी, पायात चपला, आणि एक हात वर धरलेला. मोठ्या माणसाचं बोट धरताना मूल धरतं, तसा.

प्रतिक्षाने तिला कडेवर घेतलं, रिक्षा केली आणि साखरशेतहून आजीला घेऊनच आली.

आजीने भिंतीवरच्या फटीवरून बोट फिरवलं. "शिकलेली ना तू," ती म्हणाली. मग म्हणाली, "उलटा लिहिलेला चौक पिठाने नाय बुजत. दारात कोणी बसायला लागतं."

बांबूची काडी दातांनी चावून तिने फटीत एक बाई काढली. वाकलेली, बसलेली, काठी आडवी धरलेली.

"आजी, ही कोण?"

"दिसते ती." आजीने आपली काठी उचलली. "तिच्यावर तू हात फिरवू नको. माझी रेघ, माझी मी बघीन."

त्या संध्याकाळी सरूने दोनदा भात मागून घेतला.

याला महिना झाला. परवा भिंतीवरच्या बाईची काठी पुसट झाली. काल पाय गेले. आज सकाळी सरूने विचारलं, "आई, माझ्या चपला कुठायत?"

आजीकडे फोन नाही. संदीप म्हणतो, "म्हातारी ठणठणीत असेल, तू उगीच जीव खातेस." सरूला घेऊन उंबरा ओलांडायची प्रतिक्षाची छाती होत नाही, आणि तिला ठेवून जायची त्याहून नाही. ती दाराला पाठ लावून बसते, लेकीचं मनगट मुठीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, तसं हे वाचणाऱ्या तुम्हालाही:

"साखरशेतच्या बाजूला जाणार आहात का हो? शाळेपुढची वाट, चिंचेखालचं घर. आत नका जाऊ. नुसतं बघून या, सुकीआजी ओट्यावर बसलीय ना?"