वीस-अठ्ठावीसची जोडी

लेकीनं सांगितलेली गिअरची जोडी धरणेंद्रअण्णांनी कापली, भट्टीतून हार्डनिंग करून आणली, दाते घासून साफ केले, आणि गाडीत मात्र दुसरीच बसवली.

सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत धरणेंद्र मगदूमांचं गिअर कापायचं छोटं वर्कशॉप. साखर कारखान्यांचे, ट्रॅक्टरचे, गुऱ्हाळाच्या चरकाचे गिअर कापण्यात हयात गेलेली. ब्राह्मी एकुलती लेक. कराडला इंजिनिअर झाली, शिरवळच्या कंपनीत लागली, आणि दोन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून घरी आली ती गाडी बनवायला. दोघांपुरती, वर छप्पर नाही, बाजूला दारं नाहीत, नळ्यांच्या सांगाड्यावर पातळ पत्रा. इंजिन एका जुन्या लहान मोटारीचं. सगळी मिळून वजन पाच क्विंटल. तिची आई चंदनबाला म्हणायची, यापेक्षा आमच्या घरातलं तिजोरीचं कपाट जड असंल.

गाडीत नवलाची गोष्ट एकच होती. चाकांना शेवटचा जोर देणारी गिअरची जोडी ब्राह्मीनं वेगळ्या झाकणाआड ठेवली होती. सहा बोल्ट काढले की जोडी बदलता यावी, म्हणजे रस्ता बघून गाडीची चाल ठरवता येईल. लहान गिअर मोठ्याला फिरवणार. दोघांत जेवढा फरक जास्त, तेवढा चाकाला जोर जास्त, पण इंजिन लवकर किंचाळायला लागतं. फरक कमी केला की सपाटीला गाडी लांब पळते, आणि चढाला मात्र आळसावते.

साताऱ्याजवळच्या एका घाटात रविवारी गाड्यांची चढाईची स्पर्धा होती. रस्ता बंद ठेवून एकेक गाडी वर सोडायची, आणि त्याच वळणांनी खाली आणायची. ब्राह्मी मोबाइलवर वेग मोजत त्या घाटात तीनदा जाऊन आली होती. नव्वदच्या वर गाडी जाईल अशी जागाच तिथं नाही, असं तिनं सांगितलं. म्हणून लहानाला वीस दाते, मोठ्याला अठ्ठावीस.

"वळणात दुसरा गिअर, सरळ पट्टीला तिसरा. चौथ्याला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "आणि ब्रेक छोटेच ठेवलेत, अण्णा. उताराला इंजिनच धरतंय की गाडीला."

अण्णांनी मान हलवली होती. जोडी बरोबर होती. आकडे ऐकूनच त्यांना ते कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच भीती वाटत होती.

कारण मागच्या महिन्यात कुपवाडच्या माळावर ते तिच्या शेजारी बसले होते. गाडीत आधीची कामचलाऊ जोडी होती. बूड जमिनीपासून वीतभर वर, खालून खडी पळताना दिसत होती. एका वळणाला मागचं चाक घसरून गाडी अर्धी फिरली. धूळ बसल्यावर ब्राह्मी हसत होती. अण्णांचे ओठ मात्र आपोआप णमोकार म्हणत होते, आणि घरी येईपर्यंत ते थांबले नाहीत. चंदनबालाला त्यांनी काही सांगितलं नाही. ती विचारत होती, ते गाडी छान हाय एवढंच म्हणाले.

मग ब्राह्मी पत्रेवाल्याकडं गेली असताना त्यांनी आणखी एक जोडी कापली. तेवीस आणि पंचवीस. दोन्ही जोड्यांची बेरीज तीच, त्यामुळं झाकणाआड दोन्ही सारख्याच बसतात, बाहेरून काही कळत नाही. या जोडीनं गाडी घाट चढेल, पण दमानं. नंबर येणार नाही. पोरगी नाराज होईल, दोन दिवस बोलणार नाही, पण धडधाकट घरी येईल. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी. शुक्रवारी त्यांनी स्वतःच्या हातानं झाकण बंद केलं. वर्कशॉपच्या अंगणात गाडी पुढंमागं केली तेव्हा ब्राह्मीला काही जाणवलं नाही. बापानं बसवलंय म्हटल्यावर तिनं उघडून बघायचं कारणच नव्हतं.

खरी जोडी लपवायला जागा सापडेना. शेवटी ती तेलकट फडक्यात गुंडाळून त्यांनी हार्मोनियमच्या खोक्यात घातली, कारण त्या खोक्याला ब्राह्मी कधी हात लावत नसे.

हार्मोनियमही साताऱ्याला जायचीच होती. घाटाच्या पायथ्याच्या गावात सप्ताह होता आणि शनिवारी सकाळी काल्याचं कीर्तन लालासाहेबांचं होतं. लालासाहेब फौजेत ट्रक चालवायचे. पेन्शनीवर आल्यापासून कीर्तन करतात, लोक त्यांना फौजीबुवा म्हणतात. अण्णा जैन, बुवा माळकरी, पण कराडला एका लग्नात अण्णांनी सहज सूर धरला आणि तेव्हापासून बुवांच्या मोठ्या कीर्तनाला पेटीवर अण्णाच. सप्ताहातल्या स्वयंपाकीणबायांनाही ठाऊक, अण्णांची आमटी बिनकांद्याची.

टेम्पोतून गाडी उतरवून ब्राह्मी घाटाकडं गेली. दुपारी एकला सराव होता. अण्णा मंडपात बसले.

काल्याच्या कीर्तनाला एक वेगळाच उजेड असतो. सात दिवस जागलेली माणसं, विणेकऱ्याचे सुजलेले पाय, दह्यालाह्यांचा वास, आणि हंडी फुटणार म्हणून पुढं सरकून बसलेली लेकरं. बुवांनी नामाचा गजर संथ सुरू केला, मग मृदंगाच्या बोटांनी एकेक पायरी चढवत असा वर नेला, की मागच्या खांबाला टेकलेला म्हाताराही टाळ्या वाजवायला लागला. गजर टिपेला गेला आणि बुवांनी हात वर केला. सगळं थांबलं.

"वर न्हेनारा देव सगळ्यांना दिसतो," बुवा म्हणाले. मग त्यांनी आपल्या नोकरीतली गोष्ट काढली. बर्फाच्या मुलखात त्यांच्या तुकडीत अर्जुना म्हणून एक ड्रायव्हर होता. चढाला वाघ. पण खाली येताना घाई करायचा, वरचा गिअर टाकायचा. उस्ताद ओरडायचे, इंजिनला धरू दे, ब्रेकच्या भरवशावर येऊ नको. एक दिवस ब्रेक तापले. धूर निघाला. पायाखाली पेडल नुसतं बुडायला लागलं.

पुढं सरकलेली लेकरं हंडी विसरून बुवांकडं बघायला लागली.

"मी मागच्या ट्रकात हुतो, माउली. चढताना गाडी जोर मागती, तवा समदी धावत्यात. पन उताराला तिला कुनीतरी धरावं लागतंय. अर्जुनाच्या गाडीला धरनारं कुनी न्हवतं. डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबली म्हनून वाचला. संसारातबी तसंच हाय. उताराला धरतं ते नाम."

लोकांनी पुन्हा गजर उचलला. अण्णांच्या बोटाखालचा सूर मात्र उठलाच नाही.

आपण पोरीला चढाला सावकाश केलं, एवढाच हिशेब त्यांनी केला होता. उताराला काय होईल हे गिअर कापणाऱ्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. छोटे ब्रेक. इंजिनाची पकड जवळपास पाव हिश्श्यानं कमी. आणि पोरगी दुसऱ्या गिअरच्या विश्वासावर वळणात शिरणार. भीतीनं त्यांचे डोळेच बांधले होते.

बुवांनी पेटीकडं बघितलं. अण्णांनी हात जोडले, पेटी मिटली, खोक्यातलं फडकं काढून काखेला मारलं आणि ते उठले. काला वाटायच्या आधी पेटीवाला उठून जातो हे त्या गावानं कधी बघितलं नव्हतं. एका पोराच्या मोटरसायकलवर मागं बसून ते घाटाच्या तोंडाला पोचले, तेव्हा ब्राह्मी हेल्मेट घालून रांगेत होती. पुढं दोनच गाड्या.

अण्णा गाडीपुढं उभे राहिले.

"उतर," ते म्हणाले. "ह्यात तुझी जोडी न्हाई."

तिला आधी कळलंच नाही. त्यांनी फडकं उघडून दाखवलं. तिनं हेल्मेट काढलं, जोडीकडं बघितलं, मग झाकणाकडं. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. तिनं हात करून त्याला पुढं जायला सांगितलं आणि सराव सोडून गाडी बाजूला घेतली.

"ह्यात कोणती हाय?"

"तेवीस-पंचवीस."

"का?"

अण्णांनी कुपवाडच्या माळाचं सांगितलं. घसरलेलं चाक, तिचं हसू, आपला णमोकार. हळू गेलीस तर परत येशील, एवढंच डोक्यात होतं, म्हणाले. उताराचं आज मंडपात कळलं.

ब्राह्मीनं जोडी त्यांच्या हातातून घेतली आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून सीटवर ठेवली.

"भीती वाटती म्हणून सांगायचं होतंसा की."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

"न्हाई," ती म्हणाली. "पण कुणाला तरी माझी भीती वाटती, हे तरी मला म्हाईत असतं. मला वाटलं तुमी कामाच्या नादात गप्प हायसा."

अण्णांनी मागं जाऊन गाडीला हात लावला.

गाडी ढकलत मंडपात आणली. पंगती उठल्या होत्या. धोतर खोचून लालासाहेब बोल्ट गोळा करायला परात घेऊन बसले, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "काय रं गड्या, ऐन गजरात सूर सोडून पळालास. मला वाटलं माझं कीर्तनच पडलं."

"पडलं न्हाई बुवा. लागलं," अण्णा म्हणाले.

ब्राह्मी हसली नाही. झाकण निघालं, तेवीस-पंचवीस बाहेर आली. तिनं फडक्यातला मोठा गिअर हातात घेतला आणि एकेका दात्यावर नख टेकवत मोजला. अठ्ठावीस. पुन्हा मोजला. अण्णांनी मान खाली घातली. त्यांच्या हातचा माल आजवर कुणी मोजून घेतला नव्हता, आणि आज मोजणाऱ्याची चूक नव्हती.

मोठा गिअर बसवेपर्यंत ऊन मंडपाच्या कनातीवरून उतरून डोंगराकडं सरकलं होतं. बोल्ट अर्धे, हात तेलाचे. अण्णांना वेळेचं भान नव्हतं. ब्राह्मीनं पाना खाली ठेवला, राख आणि साबणानं हात धुतले, आईचा डबा उघडला आणि पाटावर त्यांच्यापुढं ठेवला.

"अण्णा, दिवस चाललाय. जेवून घ्या."

सूर्य बुडाल्यावर अण्णा अन्नाला शिवत नाहीत, जन्मात शिवले नाहीत. त्यांनी डब्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. त्यांनी भाकरी मोडली. तिनं त्यांच्याच डब्यातून घास घेतला. दोघं जेवली. शेवटचा घोट पाणी पिऊन होतंय तोवर डोंगराआड सूर्य गेला.

मग अण्णांनी लहान गिअर उचलला, फडक्यानं पुसला आणि तिच्यापुढं धरला.

"हाबी मोजून घे."

ब्राह्मीनं दिवा जवळ ओढला. गिअरकडं तिनं बघितलं नाही.

"बसवा तुमी," ती म्हणाली. "आणि उद्या उतरताना माझ्या शेजारी बसा."