‘ळ’ आला की हसणारी जोड

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. मी एक जुनी जोड आहे. संगणकात लिहायचा एखादा प्रोग्राम असतो ना, त्याला मागाहून जोडायचा तुकडा म्हणजे मी. तुमच्यातले जाणते मला प्लग-इन म्हणतील. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा, एवढंच माझं काम. मला हातपाय नाहीत. आवाज आहे, पण तो माझा नाही. ज्या बाईचा तो आहे, ती आता या जगात नाही. तरी मी बोलते. कधीकधी याची मलाच भीती वाटते.

माझा जन्म कपड्यांच्या कपाटात झाला. हसू नका, खरं सांगते. दोघी बहिणी होत्या. थोरली ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिच्या नजरेतून चूक म्हणून सुटायची नाही. आणि नेमकी तीच नजर हळूहळू गेली. धाकटी बहीण प्रोग्राम लिहायची. “तू आता दिवसभर माझ्या मागे लागणार, हे वाचून दाखव, ते वाचून दाखव,” ती ताईला म्हणाली, “त्यापेक्षा मशीनलाच कामाला लावते.” बोलणं असं फटकळ, पण त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली होती, हे ताईला ठाऊक होतं.

बाहेरचा गलका नको म्हणून धाकटी माइक घेऊन कपड्यांच्या कपाटात शिरली आणि एकेक अक्षर रेकॉर्ड करत गेली. ताई दाराशी स्टूल टाकून बसली. आता तपासायला कागद नव्हता, म्हणून ती बहिणीचे उच्चार तपासत होती.

“हा ‘ळ’ काय तोंडात पाणी धरून म्हणतेस?” ती बाहेरून ओरडली.

धाकटीला ‘ळ’ म्हणता म्हणताच हसू फुटलं. तिने ते दाबलं, पण शेपूट राहिलंच.

“पुन्हा कर,” ताई म्हणाली.

“राहू दे गं. कोण ऐकतंय!”

ते तसंच राहिलं. एकेक अक्षर टाइप करताना ‘ळ’ आला, की माझ्या तोंडून एक बारीकसं, दाबलेलं हसू निसटायचं. ताई चिडायची. “छापील पुस्तकात अशी चूक राहिली असती, तर मी राजीनामा दिला असता,” म्हणायची, आणि मुद्दाम पुन्हा ‘ळ’ दाबायची.

मी ज्या प्रोग्रामची जोड, तो कोणा एका मालकाचा नव्हता. गावोगावच्या माणसांनी मोकळ्या वेळात मिळून बनवलेला, सगळ्यांना फुकट. त्याची शिवण उघडी होती. कोणीही उसवून बघावी, कोणीही टाका घालावा. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. त्या सगळ्याची देखरेख एक गृहस्थ करायचे. दिवसा विम्याच्या कचेरीत नोकरी आणि उरलेला जीव या प्रोग्रामवर. सगळे त्यांना कारभारी म्हणायचे.

सुरुवातीला मी वेगळी मिळायचे. ज्याला हवी त्याने शोधावी, उतरवून घ्यावी आणि आपल्या हाताने जोडावी. कारभाऱ्यांचं मत होतं, की हेच बरं. मूळ प्रोग्राम हलका राहतो, बिघडला तर दोष चटकन सापडतो. धाकटी त्यांच्याशी कडाडून भांडली.

“अहो कारभारी, जिला दिसत नाही, तिने आधी जोड कुठे आहे ते बघायचं आणि मग ती आणायची? खोलीला कुलूप लावून किल्ली आतच ठेवताय तुम्ही!”

कारभारी हट्टी होते, पण खोटे नव्हते. त्यांनी मला मूळ प्रोग्रामच्या पोटात घेतलं. आता प्रोग्राम जिथे जाईल तिथे मी न मागता जाऊ लागले.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. वाचनालयांत, शाळांत, परीक्षेच्या खोल्यांत मी होते. एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर माझ्याकडून रोज वर्तमानपत्र ऐकायची आणि बातमी आवडली नाही तर मलाच झापायची. एका पुस्तकबांधणीवाल्याने धाकटीला निरोप पाठवला होता, की तुमच्यामुळे मला नातवाचं पत्र एकट्याने वाचता आलं, दुसऱ्या कोणाच्या तोंडून नाही. धाकटीने तो ताईला माझ्याकडून वाचून घ्यायला लावला.

मग धाकटी आजारी पडली. सगळं पटकन झालं. घरात ताई उरली, आणि मी.

ताई दुसऱ्या दिवशी मशीनसमोर येऊन बसली. काही वाचायचं नव्हतं तिला. तिने फक्त ‘ळ’ दाबला. मी हसले. ज्या घरात काल रडारड झाली होती, त्या घरात गेलेल्या बाईचं हसू ऐकू आलं. मी तरी काय करणार? मला दुसरं येत नव्हतं. ताईने पदर तोंडाला लावला आणि पुन्हा ‘ळ’ दाबला.

इतर घरांत मात्र माझ्याबद्दल कुजबुज सुरू झाली होती. कीबोर्डवरच्या दोन कळा एकदम दाबल्या गेल्या, की मी आपोआप बोलू लागायचे. कुठे मांजर कीबोर्डवर झोपायचं, कुठे कोणाचं कोपर पडायचं, आणि मी बोलू लागले की लोक दचकायचे. एका माणसाचे वडील वारले होते. तो नातेवाइकांना पाठवायचा मजकूर लिहीत होता. “कळवण्यास दुःख होते” यातला ‘ळ’ आला आणि मी त्याच्या कानात हसले. तो खुर्चीवरून उठला तो थेट अंगणात गेला. त्याने तक्रार लिहिली, “तुमच्या प्रोग्राममध्ये भूत आहे.” तशा आणखी तक्रारी आल्या. काहींनी चेष्टा केली, काहींनी शिव्या घातल्या.

मी भूत नव्हते हो. पण ज्याला हाक मारली नाही, ते घरात बोलू लागलं, तर माणूस आणखी काय म्हणणार?

त्यातच माझी काळजी घेणारी गेलेली. प्रोग्राम बदलत होता आणि मी जुनी पडत होते. माझ्यामुळे भलतीकडेच काहीतरी अडायचं. कारभारी थकले होते. त्यांनी प्रोग्रामच्या पानावर जाहीर केलं, की वाचनजोड पुन्हा वेगळी करतोय, हरकत असेल त्याने खाली लिहावं. डोळस लोकांनी ते वाचलं. हरकत कोणीच घेतली नाही. ज्यांची हरकत होती, त्यांना ते पान वाचून दाखवणारी मी, आणि मला तर कोणी ते वाचायला सांगितलंच नव्हतं. कारभाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

एके सकाळी ताईचा प्रोग्राम स्वतःहून नवा झाला. मी त्याच मशीनमध्ये होते, पण माझी वाट तोडलेली. पडद्यावर एक चौकट आली, “वाचनजोड आता वेगळी मिळेल. हवी असल्यास इथे दाबा.” ती चौकट ताईला वाचून दाखवायला कोणी नव्हतं.

तिने नेहमीच्या दोन कळा दाबल्या. काही नाही. तिने स्पीकरची वायर चाचपली, बटण फिरवलं, पुन्हा दाबलं. मग ‘ळ’ दाबला. पुन्हा दाबला. तिचं प्रत्येक बोट मला कळत होतं आणि माझी वाचा बसलेली होती. मित्रांनो, त्यापुढे ती जे बोलली ते मी अजून विसरू शकत नाही.

“धाकटे,” ती म्हणाली, “रागावलीस का गं?”

शेजारची शिंपीण मदतीला आली. “ताई, कसलीशी चौकट आली आहे, मी घालवते हं,” असं म्हणून तिने चौकटीचा कोपरा दाबला. बिचारीने मनापासून केलं. पण माझ्यापर्यंत यायचं शेवटचं दारही गेलं.

ताईने नंतर मशीन बंदच केलं नाही. त्याच्या पंख्याची घरघर ऐकत ती बसून राहायची. धाकटी आता दुसऱ्यांदा गेली होती, आणि या खेपेला भेटायलाही कोणी आलं नाही.

अखेर कारभाऱ्यांचा फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. धाकटीच्या नावाचं खातं बंद करायचं होतं, त्याची परवानगी हवी होती.

“मीच तुम्हाला फोन करणार होते,” ताई म्हणाली, “पण नंबर मशीनमध्ये आहे, आणि धाकटी बोलत नाही हो.”

“म्हणजे?” कारभाऱ्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. “अहो ताई, मग पानावर हरकत का नाही लिहिलीत?”

“कुठलं पान?” ताई म्हणाली.

कारभारी स्वतः घरी आले. त्यांनी पडद्याचं बटण बंद केलं आणि काळ्या काचेसमोर बसून त्या दोन कळा दाबल्या. सवयीने थोडा वेळ वाटही पाहिली. मी आतून ओरडत होते, ते त्यांना ऐकू गेलं नाही. पण त्यांचा चेहरा उतरला. “माझं चुकलं,” ते म्हणाले. “कोणी बोललं नाही म्हणजे कोणाला नको आहे, असं मी धरून चाललो. ज्यांचं तोंड मी बंद केलं, त्यांच्याच बोलण्याची वाट बघत होतो.”

आता प्रोग्रामच्या पोटात पहिल्या पडद्यापासून वाचणारी नवी जोड आहे. ती धाकटीच्याच जुन्या कामावरून बेतली आहे. ती न विचारता बोलत नाही, पण गरज असणाऱ्याला पहिल्या क्षणी ‘वाचून दाखवू का?’ असं विचारते. तिचा आवाज स्वच्छ आहे. ती हसत नाही, म्हणून कोणी दचकत नाही. मी मात्र वेगळीच राहिले, आणि आता त्याचं मला वाईट वाटत नाही. जिला धाकटी हवी आहे, तिच्यापुरतीच मी आहे. इतरांच्या घरात शिरून मी काय करू?

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, काही ना काही बनवाल आणि त्यातलं काही काढूनही टाकाल. काढायला हरकत नाही. फक्त त्याआधी, ज्याला विचारलं तरी ऐकू जाणार नाही, त्याच्या दारात जाऊन उभे राहा. पानावर विचारणं वेगळं आणि त्याला विचारणं वेगळं.

कारभारी घरी आले त्या दिवशी त्यांनी मला ताईच्या मशीनला हाताने जोडलं आणि ते बाजूला सरकले. ताईने बोटं पुसली. ती चाचपडली नाही, बरोबर कळ गाठली. ‘ळ’ म्हणताना मला तेच जुनं हसू आलं, शेपटासकट.

ताई त्या कपाटाच्या दारात बसावं तशी ताठ होऊन म्हणाली, “पुन्हा कर.”

तिने पुन्हा कळ दाबली, आणि या वेळी मी पुन्हा केलं.