तहसीलदाराची जागा

आमच्या बोक्याचं नाव तहसीलदार. नाव माझ्या यजमानांनी, अनंतरावांनी ठेवलं. ते स्वतः तहसील कचेरीत एकतीस वर्षं कारकून होते, आणि निवृत्तीनंतर निदान एक तरी तहसीलदार आपल्या हातून दूध पिणारा असावा, अशी त्यांची हौस होती. बोकाही नावाला जागला. दिवसभर गादीवर लोळायचा आणि सगळं घर त्याच्या मर्जीची वाट बघायचं.

एका बाबतीत मात्र तो चोख होता. बाल्कनीत एक घमेलं, त्यात शेजारच्या बांधकामावरून आणून चाळलेली वाळू. पाच वर्षांत त्यानं घमेल्याबाहेर थेंब सांडला नव्हता. अनंतराव गेले, सुतक फिटलं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी हा गृहस्थ हॉलमध्ये आला, बाल्कनीच्या दाराजवळच्या फरशीवर ऐटीत बसला आणि मुतला.

त्याच फरशीवर आम्ही अनंतरावांना शेवटची अंघोळ घातली होती.

एप्रिल महिना होता. नळाला सहाव्या दिवशी पाणी, तेही तासभर. आमची सोसायटी शहराच्या नव्या टोकाला, बिल्डरनं मारलेली बोअर मार्चमध्येच आटलेली. बाथरूममध्ये पाण्याचे ड्रम उभे असल्यामुळं तिथं त्यांना आडवं करता येईना. म्हणून हॉलमध्येच, बाल्कनीच्या दाराशी, जिथून पाणी बाहेरच्या मोरीत जातं तिथं. माझा मुलगा केयूर तांब्यानं पाणी घालत होता आणि मी म्हणाले, "बेतानं."

एवढंच म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं. सहा तांब्यांत उरकलं.

मी रडले नाही. आलेल्या बायका म्हणाल्या, भानुमतीबाई मोठ्या धीराच्या. धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. स्वयंपाक करत होते, जेवत होते, झोपही लागत होती. झोप लागते याचीच लाज वाटायला हवी होती, तीही वाटेना.

म्हणून तहसीलदारानं त्या फरशीवर घाण केली तेव्हा हिमानी, माझी सून, ओरडली, आणि मी नुसती बघत राहिले. मनात म्हटलं, याला कळलंय. याला त्यांची आठवण येते. त्या मुक्या जिवाचा मला चक्क हेवा वाटला.

धुवायला पाणी कुठलं! मी फडक्यानं टिपलं आणि गोमूत्राची बाटली काढली. सुतक फिटलं तेव्हा घर शुद्ध करायला शहागंजच्या बाजारातून आणली होती. गुरुजींनी त्या फरशीवर जरा सढळ हातानं शिंपडायला लावलं होतं, तरी अर्धी उरली होती. माझं माहेर भिक्षुकाचं. विटाळ झाला की गोमूत्र, हे लहानपणापासून हाताच्या वळणातच बसलेलं. दोन झाकणं शिंपडली, हात जोडले आणि कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तिथंच केलं. मी पुन्हा टिपलं, पुन्हा शिंपडलं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी केयूरकडून नवी बाटली मागवली.

हिमानी काही वाईट मुलगी नाही. तिनं मोबाईलवर वाचून वाचून सगळे उपाय केले. वाळू बदलली. औरंगपुऱ्यातल्या दुकानातून झाकणाचा महागडा लिटर बॉक्स आणला, त्यात सुगंधी खडे. तहसीलदार त्यात शिरून दुपारभर झोपला आणि उठून फरशीवर मुतला. मग फरशीवर संत्र्याची सालं टाकली, ती त्यानं पंजानं बाजूला सारली. शेवटी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे ना विचारलं, लघवीही तपासली. सगळं ठीक. "मानसिक असेल," ते म्हणाले. "घरात कोणी गेलंय का?"

हिमानीनं माझ्याकडे पाहिलं. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत बरं वाटायची ती पहिलीच वेळ.

मग केयूरनं ऑफिसातून आल्यावर आपली बॅग सवयीनं बाल्कनीच्या दाराशी ठेवली आणि सकाळी लॅपटॉपसकट उचलली ती ओली. तो ओरडला नाही. वडिलांसारखाच आहे, चिडला की हळू बोलतो. "आई, रविवारी त्याला मल्हारीकडे देऊन टाकू. घरात पाय ठेववत नाही, इतका वास आहे."

मल्हारी आमच्या सोसायटीचा वॉचमन. देवगाव रंगारीचा, मेंढपाळाच्या घरातला. चारा-पाणी संपलं तेव्हा मेंढरं विकली आणि गेटवरच्या खुर्चीत येऊन बसला. गावाकडे त्याच्या घरात उंदरांनी उच्छाद मांडलेला, म्हणून बोका न्यायला तो एका पायावर तयार.

मी हो म्हणाले. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? पण मनात एकच होतं, की तहसीलदार गेला तर या घरात अनंतरावांसाठी हळहळणारं कोणी उरणार नाही. मी तर नव्हतेच.

रविवारी केयूर टँकरवाल्याच्या मागं गेला होता. मल्हारी भाजीचं क्रेट आणि दोरी घेऊन वर आला. चपला काढून आत पाऊल टाकलं आणि थबकला. नाक वर करून दोनदा हुंगलं.

"काकू, इथं गाय बांधली व्हती का?"

"चौथ्या मजल्यावर?"

"मंग गाईचं मूत कुठून आलं?"

मी बाटली दाखवली. रोज टिपून झालं की शिंपडते, तेही सांगितलं. मल्हारी हसायला लागला. मग घरात माणूस गेलंय हे आठवून त्यानं तोंडावर हात धरला.

"आवो काकू, तुमीच त्याला जागा दावली की! त्यो मुततो, तुमी त्याच्यावर गाईचं शिंपडता. त्याला वाटतं, दुसरं जनावर रोज येऊन इथं मुतून जातंय. मंग त्यो कशाला मागं ऱ्हाईल? आमी रानात मेंढरं बसवायचो खतासाठी, तवा बी असंच. एक मुतलं की बाकीची त्याच जागंवर. समदं वासावर चालतंय." त्यानं पायानंच खाली जमिनीकडे दाखवलं. "ही बिल्डिंग हाय ना, इथंच बसवायचो आमी."

"मला वाटलं, यांची आठवण येते त्याला," मी म्हणाले.

मल्हारीचं हसू गेलं. "नाय काकू," तो हळूच म्हणाला. "वास."

मग त्यानं उपाय सांगितला. बाटली बंद. जुनं घमेलं, जुनी वाळू. आणि फरशी साबण लावून भरपूर पाण्यानं धुवायची, वास मुळासकट जाईस्तोवर. "पान्याला मागंपुढं बघू नका. पुढल्या ऐतवारी येतो. नाय सुधारला तर नेतो." रिकामं क्रेट घेऊन तो खाली गेला.

मी ड्रममधून बादली भरली. हिमानीनं साबण लावून फरशी घासली आणि मी तांब्यानं पाणी घालू लागले. एक, दोन, तीन. मी मोजत नव्हते, पण हात मोजत होता. पाणी फरशीवरून वळून बाल्कनीतल्या मोरीकडे निघालं, त्या दिवशी निघालं होतं तसंच. सहावा तांब्या झाला.

"आई, बेतानं," हिमानी म्हणाली. "मंगळवारपर्यंत पुरवायचंय."

माझा हात थांबला. मग मी सातवा घातला. मग तांब्या ठेवला आणि बादलीच उचलून उपडी केली. "कमी पडलं गं त्यांना," मी म्हणाले. छातीतून आवाज आला तो माझा आहे हे मला उशिरा कळलं. मी त्या ओल्या फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले, शेजारच्या दारापर्यंत ऐकू जाईल इतकी.

हिमानी आधी घाबरली. मग आत गेली आणि दुसरी बादली भरून आणली. तिसरीही तिनंच आणली.

दुपारी फरशी वाळत आली तेव्हा तहसीलदार आला. त्यानं हुंगलं, फिरून दुसऱ्या बाजूनं हुंगलं, माझ्याकडे नाराजीनं पाहिलं आणि बाल्कनीत गेला. घमेल्यात वाळू उकरल्याचा आवाज आला.

केयूर परत आला. त्यानं तहसीलदाराला पाहिलं, बाल्कनीच्या दाराशी फरशीच्या अजून ओल्या असलेल्या सांध्यांकडे पाहिलं, आत जाऊन ड्रमचं झाकण उघडलं.

"एवढं पाणी कुठं गेलं?"

"तुझ्या बाबांना घातलं," मी म्हणाले.