दोन तुकड्यांमधली फट

मी उंच उडीची गादी बोलतेय. स्पर्धेत सगळ्यांचे डोळे वरच्या आडव्या दांडीवर असतात. ती पडली की अख्खं मैदान हळहळतं. उडी मारणारी कुठे पडली, कशी पडली, हे बघायचं काम माझं.

मेरठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. एवढी थोरली गादी उचलणार कोण, म्हणून मला दोन तुकड्यांत बनवलं आणि मध्ये चार पट्टे दिले. पट्टे आवळले की मी एक. कोथरूडच्या एका शाळेत मी आले त्या दिवशी शिक्षकांनीसुद्धा चपला काढून माझ्यावर लोळण घेतली होती. मग कौतुक ओसरलं. उन्हानं माझं रेक्झिन तडकलं, गॅदरिंगला माझ्यावर खुर्च्या रचल्या गेल्या, आणि दोन पट्टे कधी तुटले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गेल्या वर्षी शाळाशाळांच्या स्पर्धेत वाघोलीहून दीक्षा आली होती. तेरा वर्षांची, काटकुळी पोर. दांडीकडे पाठ करून ती अशी सहज उडायची की पंचही लिहायचे थांबत. तिसऱ्या उडीला ती नेमकी माझ्या मधोमध आली. उरलेले दोन पट्टे त्या धक्क्यानं तुटले, माझे तुकडे दोन बाजूंना सरकले आणि ती मधल्या फटीतून थेट जमिनीवर आपटली. मनगट मोडलं. मला एकच काम येतं, झेलायचं. तेच मी चुकले होते.

मला जिन्याखाली टाकून दिलं. वर्षभर मी तिथेच होते.

यंदा विभागीय क्रीडा स्पर्धा भरवायचा मान आमच्या शाळेला मिळाला. कबड्डी, खो-खो, धावणं, उड्या. जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं येणार. वर्गांतले बाक बाहेर निघाले, मुक्कामासाठी सतरंज्या पडल्या, मैदानावर चुन्याच्या रेघा उमटल्या. नवी गादी मंजूर होती, पण स्पर्धा आठवड्यावर आली तरी तिचा पत्ता नव्हता. उंच उडी रद्दच करू, असं बैठकीत ठरत आलं.

"मुली वर्षभर घाम गाळून येणार आणि आपण सांगायचं, गादी नाही?" क्रीडाशिक्षिका पूर्णिमा मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्यांनी मला टेम्पोत घातलं आणि स्वारगेटजवळ बाबुरावांकडे नेलं. बाबुराव रिक्षाची हुडं आणि सीटं शिवतात.

मला पाहून ते म्हणाले, "ही गादी आहे की चाळण?"

"मंगळवारपर्यंत होईल का?"

"होईल. कुठल्या मंगळवारपर्यंत, ते विचारू नका."

पण दीक्षाच्या मनगटाची हकीकत ऐकल्यावर त्यांची चेष्टा थांबली. "मग पट्टे नकोतच. पट्टा आज ना उद्या तुटणार." त्यांनी माझ्या पोटातला दबलेला फोम बदलला, दोन्ही तुकडे एकाला एक शिवले आणि वरून जाड ताडपत्रीची एकच खोळ चढवली. तीही त्याच मंगळवारी.

मैदानावर आल्यावर मॅडमनी ट्रॅकसूटच्या बाह्या सरसावल्या आणि पंचेचाळिसाव्या वर्षी स्वतःला माझ्यावर पाठीवर झोकून दिलं. वीसएक वेळा, दर वेळी मधोमध. शिपाई हसत होते. मला मात्र धडकी भरली होती.

स्पर्धेच्या सकाळी दीक्षा आली. सोबत तिची आई, चंद्रभागाबाई; चंद्रपूरकडून कामासाठी पुण्यात आलेलं कुटुंब. दीक्षा माझ्यासमोर येऊन थबकली.

"मॅडम, खोळ नवीन आहे. पण ही तीच गादी ना?"

नाही म्हणणं फार सोपं होतं. मॅडम म्हणाल्या, "हो, तीच. त्या दिवशी पट्टे बघायचं काम माझं होतं, दीक्षा. मी बघितले नव्हते. चूक माझी होती."

दीक्षानं गुडघ्यानं माझा मधला भाग दाबला, मग वर चढून दोन उड्या मारल्या.

पहिल्या उंच्या तिनं कैचीसारखे पाय टाकून पार केल्या, म्हणजे पडायचं ते पायांवर. एक मीटर पस्तीसला मात्र तसं जमेना. दोनदा दांडी पडली. एकच संधी उरली.

दोरीपलीकडून आई म्हणाली, "भेव लागत असन त राहू दे वं, पोरी. घरी जाऊ आपण."

"उडी जमतेय, आई. पाठच वळत नाहीये."

ती बराच वेळ उभी राहिली. पंचांनी घड्याळाकडे पाहिलं. मग ती धावली. शेवटच्या पावलाला तिचा खांदा वळला, आणि माझ्यावर आधी सावली आली, मग तिची पाठ. नेमकी मधोमध. मी सगळ्या अंगानं तिला धरलं. वर दांडी थरथरली, पण राहिली. दीक्षा तशीच पडून हसत होती, रडतही होती. पूर्णिमा मॅडमनी तोंड फिरवून डोळे पुसले.

त्या दिवशी ती तिसरी आली. राज्य स्पर्धेला पहिल्या दोघीच जातात. "पुढच्या वर्षी," ती आईला म्हणाली, आणि दोघी स्वारगेटच्या बसकडे निघाल्या.

नवी गादी आता आली आहे, निळीशार आणि उंच. मला पाचवीच्या मुलींसाठी ठेवलंय. त्या अजून उडायला नाही, न घाबरता पडायला शिकताहेत. माझी मोठ्यांना एवढीच विनंती आहे: मुलांना "घे उडी!" म्हणून ओरडण्याआधी, ती जिथे पडणार आहेत तिथे एकदा तुम्ही स्वतः पडून बघा.