नुसती सूज

"बाई, तुमचं नाव या फळीवर मावत नाहीये," शिडीवरून पेंटर म्हणाला. "आडनाव जरा बारीक काढू का?"

"नावच काढू नकोस," बाई खालून म्हणाल्या. "मैदानाला नुसतं मैदान म्हटलं म्हणून पोरी खेळायच्या थांबत नाहीत."

पेंटरला तो विनय वाटला. मोठी माणसं अशीच बोलतात, असं म्हणून त्यानं आडनाव आखायला पट्टी लावली. खरं तर विनयाचा आरोप बाईंवर आजवर कुणी केलेला नव्हता. एकतीस वर्षं त्या कॉलेजच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवत होत्या आणि त्यांचा आवाज मैदानाच्या या टोकाला सुटला की त्या टोकाची कबुतरं उडायची. नऊ वेळा त्यांच्या मुलींनी अजिंक्यपद आणलं होतं. उद्या त्या निवृत्त होणार होत्या, आणि मैदानाला त्यांचं नाव देण्याचा समारंभ होता. पेंटर, मांडववाला, माइकवाला अशी सगळी वरात सकाळपासून हजर होती. फक्त जिच्यासाठी हा थाट, तिच्या घशाखाली सकाळचा चहासुद्धा उतरला नव्हता.

"पोटात दुखतंय का?" नवऱ्यानं निघताना विचारलं होतं.

"नाही हो."

"मग तोंड असं का? उद्या सत्कार आहे तुझा, साक्ष नव्हे."

तो आपला चेष्टेत बोलून गेला. बाईंच्या मात्र ते जिव्हारी लागलं, कारण गेले आठ दिवस त्यांना अगदी तसंच वाटत होतं. आठ दिवसांपूर्वी प्राचार्यांनी मोठ्या आनंदानं सांगितलं होतं, की समारंभात तुमच्याबद्दल तुमची पहिली स्टार पिचर बोलणार आहे. ती लगेच हो म्हणाली, असंही ते म्हणाले.  तोंडानं बाई "छान, छान" म्हणाल्या.

ती पिचर म्हणजे गोफण. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. पहिल्याच दिवशी त्या काटकुळ्या मुलीनं हात खांद्यातून गर्रकन फिरवून खालून असा चेंडू सोडला, की मागे बसलेल्या कॅचरनं हातमोजा काढून तळवा फुंकला. या खेळात चेंडू खालून टाकतात. आणि खालून टाकलेल्या चेंडूनं हात थकत नाही, ही या खेळातल्या जुन्या माणसांची ठाम समजूत. त्यामुळे एक चांगली पिचर सापडली की सगळी स्पर्धा तिच्याच खांद्यावर काढायची, असा सगळीकडचा रिवाज होता. बाईही त्याच तालमीतल्या. तीन दिवसांत पाच सामने गोफणीनं एकटीनं टाकले. पाचव्यानंतर ती शर्टाची बटणं डाव्या हातानं लावताना दिसली, म्हणून बाईंनी तिला कॉलेजच्या डॉक्टरांकडे तपासणीला पाठवलं. अंतिम सामना शनिवारी होता.

त्या सामन्यावर काय काय टांगलेलं होतं, हे फक्त बाईंना माहीत होतं. संघानं तोवर काही म्हणता काही जिंकलेलं नव्हतं. मैदानावर गाड्या लावायची सोय करायची, असं कॉलेजनं जवळपास ठरवलंच होतं. "हे एक जिंका, मग बघू," असं तेव्हाचे प्राचार्य म्हणाले होते. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला साहित्याच्या खोलीतला फोन वाजला. डॉक्टर म्हणाले, "खांद्यातला स्नायुबंध अर्धा फाटलाय. सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नाही. उद्या टाकला तर उरलेला पण जाईल, आणि मग शिवला तरी पूर्वीचा हात परत नाही यायचा."

बाईंनी फोन ठेवला. दाराबाहेर पायरीवर गोफण चेंडू पुसत बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, "काय म्हणाले?"

"नुसती सूज आहे," बाई म्हणाल्या. "शेक घे आणि झोप."

हे बोलायला त्यांना विचारसुद्धा करावा लागला नाही. पुढे एकोणीस वर्षं त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली ती याचीच.

शनिवारी गोफणीनं सातही डाव टाकले. बाईंची खूण ठरलेली होती. दर डावाआधी त्या लांबून मान उडवायच्या, म्हणजे काय गं, ठीक? मुलीनं छातीवर मूठ ठेवली तर ठीक, पंजा ठेवला तर मला बदला. गोफणीनं सातही वेळा मूठ ठेवली. शेवटच्या डावात ती मूठ थरथरत होती, ते बाईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. सामना जिंकला. मुलींनी बाईंना खांद्यावर घेतलं, तेव्हा गोफण मैदानाच्या मधोमध गुडघ्यावर बसून उजवा हात डाव्यानं धरून होती.

चार दिवसांनी मोठ्या शहरातल्या दवाखान्यात तिचा खांदा उघडला. बाई भेटायला गेल्या त्या सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच. कॉटजवळ स्टूल ओढून त्या बसल्या, तोंड उघडणार, एवढ्यात गोफणच म्हणाली, "बाई, मला माफ करा. खूप दुखत होतं. मी मूठ दाखवत राहिले. तुम्हाला फसवलं मी."

कोपऱ्यात तिची आई डबा भरत होती. तिचे हात थांबले.

बाईंनी गोफणीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "असू दे."

फोनवरचं खोटं एक वेळ गडबडीतलं म्हणता आलं असतं. या 'असू दे'ला मात्र सबब नव्हती. पोरीनं मागितलेली माफी बाईंनी मोठ्या मनानं खिशात घातली होती. तपासणी करणारे डॉक्टर त्याच वर्षी गाव सोडून गेले, रिपोर्टचा लिफाफा कॉलेजच्या पत्त्यावर आला, तो बाईंनी फाडला. प्रकरण संपलं.

संपलं ते जगाच्या दृष्टीनं. पुढच्या हंगामापासून बाईंनी नियम केला, कुठल्याही पिचरनं लागोपाठ दोन सामने टाकायचे नाहीत. एकीच्या जागी तीन मुली तयार करायच्या, आणि डॉक्टरांचा कागद मुलीच्या हातात, बाईंच्या नाही. गंमत अशी, की तीन पिचर झाल्यामुळे संघ हरेनासाच झाला. वर्तमानपत्रांनी 'बाईंची दूरदृष्टी' म्हणून लेख छापले. दुसऱ्या कॉलेजांचे कोच वही-पेन घेऊन शिकायला आले. बाई त्यांना सगळं शिकवायच्या, फक्त ही अक्कल कुठून आली ते सांगत नसत.

आज दुपारी चारला गोफण साहित्याच्या खोलीत आली. चाळिशीला टेकलेली, चष्मा, अंगानं भरलेली. एका ग्रंथालयात ती पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर होती. उजवा हात खांद्याच्या वर जात नसे, म्हणून वरच्या फळ्यांची पुस्तकं शिपाई काढून द्यायचा, आणि ती त्याला 'माझा उजवा हात' म्हणायची. हा विनोद ती स्वतःच सांगून स्वतःच हसली.

"बाई, भाषण लिहिलंय. तुम्हाला आधी ऐकवते. उद्या स्टेजवर तुम्ही 'आवाज खणखणीत काढ' म्हणून ओरडलात तर माझी शोभा व्हायची."

"नको गं, उद्या ऐकेन की."

"ऐका हो. पाचच मिनिटं."

बॅटांच्या पेटीवर टेकून ती वाचायला लागली. सुरुवातीला सगळे हसावेत असं होतं. बाईंच्या शिट्टीबद्दल होतं, कबुतरांबद्दल होतं. मग ती थांबली, चष्मा सारखा केला, आणि वाचू लागली. "'लोक मला विचारतात, तुझ्या हाताला बाई जबाबदार नाहीत का? नाहीत. बाईंनी दर डावात मला विचारलं आणि दर डावात मी खोटं बोलले. माझा हात माझ्या हट्टानं गेला. समोर बसलेल्या मुलींनो, तुमच्या बाईंशी कधी खोटं बोलू नका.'"



"ते मधलं काढून टाक," बाई म्हणाल्या. "लांबतंय."

"तेच तर सांगायचंय, बाई. बाकीचं सगळं त्याच्यासाठी लिहिलंय." गोफणीनं कागद मांडीवर ठेवला. "आई शेवटपर्यंत म्हणायची, आपल्या हातानं आपला हात घालवलास. तिला उलट काय बोलणार? खरंच होतं ते. माझ्या मुलीला खेळायचंय, तर मी पाठवत नाही. म्हटलं, माझंच रक्त, ही पण दुखणं लपवेल. एकदा चारचौघांत कबूल केलं की बरं वाटेल मला."

गप्प बसणं किती सोपं होतं. उद्या पुढच्या रांगेत अठरा मुली बसणार, त्या हे ऐकणार आणि दुखलं की पंजा दाखवायला शिकणार. वाईट काय होतं त्यात? बाईंचं मन वकिलासारखं बाजू मांडू लागलं. एकोणीस वर्षं ते हेच करत आलं होतं, आणि दर वेळी खटला जिंकलं होतं. पण आज गोफण बाईंचा गुन्हा आपल्या नावावर, आपल्या अक्षरात लिहून घेऊन आली होती. बाईंना स्वतःची किळस आली.

"डॉक्टरांचा फोन आला होता," त्या म्हणाल्या.

"कुठल्या?"

"शुक्रवारी. सामन्याच्या आदल्या दिवशी. सूज नव्हती ती. अर्धा फाटलाय म्हणाले. टाकला तर हात जाईल म्हणाले. मला माहीत होतं."

 बाहेर माइकवाला 'हॅलो, हॅलो' करत होता. त्याचं दहा वेळा तरी करून झालं.

"मी पायरीवर बसले होते," गोफण शेवटी म्हणाली.

"हो."

"चेंडू पुसत."

"हो."

"म्हणजे तुम्ही फोन ठेवलात आणि चार पावलं चालून बाहेर आलात."

"हो."

"दवाखान्यात मी माफी मागितली तुमची."

 बाईंनी नुसती मान हलवली.

"आई गेली तेव्हा आला होतात तुम्ही. घरी. तिच्या खोलीत बसला होतात."

"आले होते. तेव्हाही तोंड उघडलं नाही."

गोफण उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. "तिला तरी सांगायचं होतंत, बाई," ती म्हणाली. "मला नसतं सांगितलं तरी चाललं असतं. ती माझ्यावर रागावून गेली."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते गोफणीनं पाहिलं, पण ती जवळ आली नाही, आणि ते बरोबरच होतं. जरा वेळानं बाईंनी तोंड पुसलं.

"उद्या मी सांगते. स्टेजवरून. तू नको बोलूस."

"नाही," गोफण म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तर लोक टाळ्या वाजवतील. किती मोठं मन म्हणतील. भाषण माझं आहे. मीच वाचणार."

ती पेटीवर परत बसली. उजव्यात पेन फार वेळ धरलं की खांद्यात कळ यायची, म्हणून डाव्या हातानं पेन काढून तिनं मधल्या ओळी खोडल्या. मग कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर तळवा फिरवून तो सपाट केला आणि बाईंकडे बघितलं.

"सांगा. काय लिहू?"

"शुक्रवारी संध्याकाळी," बाईंनी सुरुवात केली, "साडेपाच वाजता बाईंना डॉक्टरांचा फोन आला. खांदा अर्धा फाटलाय, टाकला तर—"

"हळू. या डाव्या हाताला अजून वेळ लागतो."

बाई थांबल्या. गोफणीचं अक्षर पहिलीतल्या मुलासारखं मोठं मोठं होतं, पण ओळ सरळ होती. आयुष्यभर मुलींना 'आटप, आटप' म्हणून पळवणाऱ्या बाई एकेक शब्द पुरा होईपर्यंत वाट बघत होत्या, आणि मगच पुढचा देत होत्या.

"'टाकला तर हात जाईल, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी ते मला सांगितलं नाही.'"

पेन थांबलं.

"सांगितलं नाही," गोफणीनं मान वर न करता विचारलं, "की खोटं सांगितलं?"

"खोटं सांगितलं."

तिनं ते लिहिलं.

"पुढे?"

"'दवाखान्यात मी बाईंची माफी मागितली,'" बाई म्हणाल्या, आणि तिचा हात ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत थांबल्या. "'ती बाईंनी घेतली.'"